सहा बर्नर, एक फोडणी

घरात कुणी गायचं नाही, या अटीवर जर एखाद्यानं मिरजेहून तंबोरा मागवला, तर त्याला आपण काय म्हणू? शहाणा म्हणणार नाही, एवढं नक्की. पण ज्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडू द्यायची नाही, तिथे दहा हजार डॉलरची शेगडी बसवणाऱ्याला मात्र आपण हौशी म्हणतो. त्याच्या घरी वास्तुशांतीला जातो आणि त्या शेगडीसमोर उभं राहून फोटोही काढून घेतो. या हौसेविरुद्ध मला आज जरा भांडायचं आहे.

शेगडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ओट्यावरची दोन-तीन बर्नरची गरीब गाय उभी राहिली असेल. तिला विसरा. अमेरिकेत जिला ‘प्रोफेशनल स्टाइल रेंज’ म्हणतात ती वेगळी. रेंज म्हणजे वर शेगडी आणि पोटात भट्टी. ही ओट्यावर बसत नाही, जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभी राहते. अंगावर पोलादी पत्रा, समोर पितळी किंवा तांबडी बटणं, वर बिडाच्या जाळ्या, खाली ओव्हन. रुंदी तीस इंचांपासून सुरू होते आणि छत्तीस, अठ्ठेचाळीस अशी वाढत साठ इंचांपर्यंत जाते. साठ इंच म्हणजे पाच फूट. आमच्या चाळीतल्या बिऱ्हाडात पाच फुटांत आई स्वयंपाक करायची, आजी जप करायची आणि मी उजळणी म्हणायचो.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीनं घराचं किचन नव्यानं करायला काढलं, तेव्हा मी नेमका तिथे मुक्कामाला होतो. भाचेजावई मोठे अभ्यासू. लग्न ठरवताना त्यांनी पत्रिकासुद्धा बघितली नव्हती, पण शेगडी ठरवताना चौदा रकान्यांचा तक्ता केला होता. त्यात सगळ्यात ठळक रकाना बी.टी.यू.चा.

“मामा, या बर्नरला अठरा हजार आहेत, त्याला पंधराच!” ते म्हणाले. ‘पंधराच’ हा शब्द त्यांनी अशा सुरात उच्चारला की मला क्षणभर वाटलं, एखाद्या स्थळाचा पगार सांगताहेत.

हे बी.टी.यू. प्रकरण तसं साधं आहे. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला लागेल तेवढी उष्णता म्हणजे एक बी.टी.यू. बर्नर तासाला किती उष्णता देतो, ते या मापात सांगतात. पंधरा हजार म्हणजे सुमारे ४.४ किलोवॉट, आपल्या पुण्या-मुंबईच्या घरातल्या मोठ्या बर्नरच्या दुपटीच्या आसपास. अशा सहा बर्नरना आपला १४.२ किलोचा सिलिंडर जोडला आणि सगळे मोठे ठेवले, तर निदान कागदावरच्या हिशेबानं, सकाळच्या चहाला लावलेला सिलिंडर दुपारच्या चहाला रिकामा होईल. ज्या पिढीनं गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली, तिच्या छातीत हे वाचूनच कळ येईल.

आता ही शक्ती घरात आली कुठून, ते सांगायला हवं. कारण शत्रूचाही इतिहास माहीत असावा. अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड बाईंनी १९५६ साली वॉशिंग्टनमध्ये हॉटेलात वापरलेली एक जुनी गारलँड शेगडी विकत घेतली. पुढे चाळीसहून अधिक वर्षं ती त्यांच्या घरी होती. २००१ साली त्यांनी आपलं अख्खं स्वयंपाकघर स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयाला दिलं, आणि ती शेगडी आज तिथे आहे. बाईंचं बघून अनेक हौशी लोकांनी हॉटेलच्या शेगड्या घरी आणल्या. तेव्हा एक अडचण लक्षात आली. हॉटेलची शेगडी हॉटेलसाठी असते. तिच्या अंगाला घरगुती शेगडीसारखं उष्णतारोधक अस्तर नसतं. बाजू तापतात, शेजारचं लाकडी कपाट धोक्यात येतं, लहान मूल हात लावेल याचा विचार तिनं केलेला नसतो, आणि विमा कंपनीला हे कळलं तर तिचाही पारा चढतो.

मग मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनवुड गावच्या फ्रेड कार्ल नावाच्या घरं बांधणाऱ्या गृहस्थांनी यातून वाट काढली. त्यांच्या पत्नीला हवी तशी दणकट शेगडी बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच आराखडा केला. दिसायला हॉटेलची, पण अस्तर वगैरे लावून घरात ठेवण्याजोगी. ‘व्हायकिंग’ नावाची ती पहिली शेगडी १९८७ साली बाहेर पडली. बायकोच्या हट्टापायी माणसानं एक धंदा उभा केला, आणि तेव्हापासून इतरांच्या बायकांना नको असलेल्या शेगड्या त्यांचे नवरे विकत घेताहेत.

हे मी उगाच म्हणत नाही. शोरूममधल्या विक्रेत्यानं हसतमुखानं विचारलं, “तुम्ही घरी पुष्कळ स्वयंपाक करता का?” भाचेजावई तत्काळ म्हणाले, “रोज!” भाचीनं त्यांच्याकडे वळून जे बघितलं, तेवढी आच त्या दुकानातल्या एकाही बर्नरला नव्हती. जावईबापू रविवारी चहा करतात. चांगला करतात, खोटं कशाला बोलू? पण साखर कुठे आहे ते प्रत्येक रविवारी विचारतात. शेगडी घेणारा एक आणि तिच्यासमोर उभा राहणारा दुसरा, अशी कामाची वाटणी झाली की असल्या खरेद्या होतात. मोटार घेताना जो ती चालवणार त्याला आपण विचारतो. शेगडी घेताना जी पोळ्या लाटणार तिला कोण विचारतो?

पोळ्यांचं नाव निघालंच आहे, तर आपल्या स्वयंपाकाच्या कसोटीवर ही रेंज घासून बघू.

पहिली कसोटी चहाची. दोन कप पाणी नऊ हजारांच्या साध्या बर्नरवर उकळलं आणि पंधरा हजारांच्या दांडग्या बर्नरवर उकळलं, तर वाचून वाचणार किती? फार तर एखादं मिनिट. तेही पातेलं रुंद असेल तर. लहान असलं तर निम्मी ज्योत बुडाखालून बाहेर येते आणि पातेल्याचा कान तापवते. चहा काही लवकर होत नाही, चिमटा मात्र लवकर लागतो.

दुसरी कसोटी फोडणीची. फोडणीचं कढलं केवढं? तळहाताएवढं. त्या बिडाच्या जाळ्या मोठाल्या पातेल्यांसाठी केलेल्या. कढलं त्यांच्या दोन दांड्यांच्या मध्ये असं कलंडतं की हातानं धरून उभं राहावं लागतं. त्यात मोठ्या बर्नरचं कडं रुंद. ज्योत बाहेरून कढल्याला मिठी मारते आणि मध्यभागी तेल थंड. मोहरी मधोमध झोप काढते आणि कडेचं तेल धुरावतं. हिंग टाकेपर्यंत मेथीचा कोळसा. यासाठी पंधरा हजार बी.टी.यू. नकोत, एक लहान, आज्ञाधारक बर्नर हवा. तो साध्या शेगडीला बहुतेक असतोच.

तिसरी कसोटी ओव्हनची. छत्तीस इंची ओव्हनमध्ये अख्खी टर्की मावते, असं विक्रेता सांगत होता. मावत असेल. पण आपल्या घरांत ओव्हन कशासाठी असतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. कढया ठेवायला. न्यू जर्सीत मी ज्या ज्या मराठी घरी जेवलो, तिथे ओव्हन उघडल्यावर आतून तवा, कढई, कुकरचं भांडं आणि एक हरवलेलं झाकण निघालं. एवढी कपाटं केलेल्या किचनमध्ये आणखी एक कपाट हवं असेल, तर सुतार स्वस्त पडतो.

आता न्यायानं बोलायचं तर गुणही सांगायला हवेत. वांगं भाजायला ती मोठी ज्योत फर्मास. भरताचं वांगं त्यावर असं भाजलं जातं की सालं आपणहून निघून येतात. जाळ्या एकसलग असल्यानं जड पातेलं न उचलता सरकवता येतं, हेही खरं. आणि चांगल्या रेंजचा बर्नर इतका मंद होतो की पुरण तासभर ठेवलं तरी तळाला लागू नये. हे गुण मला मान्य आहेत. पण भरीत आठवड्यातून एकदा, पुरण वर्षातून चारदा, आणि फोडणी दिवसातून तीनदा. मतदान घेतलं तर कोण निवडून येईल?

इथवर मी फक्त थट्टा केली. खरं भांडण पुढे आहे, आणि ते शेगडीच्या वर आहे. म्हणजे धुराड्याचं.

फोडणी म्हणजे धूर. मिरची परतली की ठसका. मासे तळले की वास. हा सगळा ऐवज घराबाहेर जायला हवा. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो तोही. हा वायू दिसत नाही, पण दम्याच्या मुलांना जाणवतो. जेवढी ज्योत मोठी, तेवढा तो जास्त. तेव्हा मोठी शेगडी घेणाऱ्यानं आधी मोठं धुराडं घ्यावं, ही साधी गोष्ट. तिथल्या जाणकारांचा ठोकताळा असा की दर शंभर बी.टी.यू.मागे मिनिटाला एक घनफूट हवा बाहेर फेकली जावी. आपल्या सहा बर्नरचे झाले नव्वद हजार. म्हणजे मिनिटाला नऊशे घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत बरोबर नऊशे घनफूट हवा असते. थोडक्यात, दर मिनिटाला खोलीभर हवा बाहेर.

मग तेवढी आत कुठून येणार? थंडीत खिडक्या घट्ट बंद. हवा वाट शोधते, आणि कधी कधी ती पाणी तापवायच्या बंबाच्या धुराड्यातून उलटी आत येते. येताना कार्बन मोनॉक्साइड घेऊन. म्हणून तिथल्या निवासी बांधकामाच्या आदर्श नियमावलीनं मिनिटाला चारशे घनफुटांची मर्यादा घातली. त्याहून जोरदार धुराडं लावलं, तर बाहेरची हवा आत घ्यायची वेगळी सोय करावी, असा तो नियम आहे. म्हणजे भिंतीला आणखी एक भोक, आणखी एक पंखा आणि आणखी एक बिल.

शोरूममध्ये शेगडीसमोर गर्दी असते. धुराड्यांच्या कोपऱ्यात कुणी नसतं. धुराड्याबरोबर फोटो कोण काढणार? मग होतं काय? शेगडीवर पैसे संपतात आणि तिच्या डोक्यावर मिळेल तो हूड बसतो. तोही पुष्कळदा धूर बाहेर न टाकणारा, जाळीतून गाळून परत खोलीतच सोडणारा. म्हणजे तुमचाच ठसका तुम्हांला गाळून परत. आणि मग छतावरचा तो इवलासा स्मोक अलार्म! मोहरी तडतडली की तो ठणाणा करतो. भाची कढलं सोडून धावते, स्टुलावर चढते आणि टॉवेलनं त्याला वारा घालते. पेशवाईत चवऱ्या ढाळायचे म्हणतात. पण निदान ज्याच्यावर ढाळायच्या तो ओरडत नसे.

यावर आपल्या लोकांनी जो उपाय काढला आहे, त्यानं माझं डोकं फिरलं आणि हा लेख लिहावा लागला. त्यांनी फोडणीच घराबाहेर काढली. होय! किचनमध्ये ती दहा हजारांची पोलादी महाराणी, आणि गराजमध्ये, मोटारीशेजारी, एका डगमगत्या टेबलावर चाळीस डॉलरची विजेची शेगडी. भजी तिथे. मासे तिथे. फोडणी तिथे. ज्यांची ऐपत जास्त, ते मुख्य किचनच्या पाठीमागे किंवा तळघरात दुसरं किचन करून घेतात. त्याला नाव ‘स्पाइस किचन’. म्हणजे पुढे दाखवायचं आणि मागे रांधायचं. जानेवारीत, बाहेर बर्फ असताना, अंगावर कोट चढवून गराजमध्ये कांदाभजी तळणारी बाई मी डोळ्यांनी बघितली आहे. तिच्या आतल्या रेंजवर त्या वेळी एक फुलदाणी होती.

या वागण्यामागचं दुःख मला कळत नाही असं नाही. कळतं, म्हणूनच हसू येत नाही. मुलाच्या जाकिटाला फोडणीचा वास येतो म्हणून वर्गात कुणी नाक मुरडलं, हे ज्या आईनं एकदा ऐकलं, ती आयुष्यभर कोट वरच्या मजल्यावर, बंद कपाटात ठेवते. घर विकायला काढलं की दलाल सांगतो, महिनाभर घरात मसाल्याचं काही शिजवू नका. हे ऐकत ऐकत माणूस आपल्याच जेवणाला चोरासारखा मागच्या दारानं आणायला लागतो. पण माझं म्हणणं एवढंच की, या दुखण्यावर पोलादी रेंज हा इलाज नाही. तो दुखण्यावर घातलेला भरजरी शेला आहे. इलाज साधा आहे. धूर बाहेर काढा, फोडणी आत ठेवा. वास ही हवेची अडचण आहे. तिची आपण अब्रूची अडचण करून ठेवली आहे.

रेंजच्या बाजूनं जी वकिली होते, तीही मी ऐकून घेतली आहे. “मामा, चाळीस माणसं जेवायला येतात हो!” येतात ना. गणपतीला आली होती. त्यांचं जेवण एडिसनच्या ओक ट्री रोडवरून ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये आलं. रेंजनं ते कोमट केलं. कोमट करायला छत्तीस इंच लागत नाहीत. “पण घर विकताना किंमत येते!” म्हणजे पुढे कधीतरी येणाऱ्या, आज तोंडओळखही नसलेल्या गिऱ्हाइकाच्या आवडीची शेगडी तुम्ही आज घेणार, आणि तोवर स्वतः गराजमध्ये तळणार. इतका त्याग आपण सख्ख्या भावासाठी केला नव्हता. “पण ज्युलिया चाइल्ड?” बाई त्या शेगडीवर रांधत होत्या, हो! जुनी घेतली आणि चाळीस वर्षं झिजवली. त्यांची शेगडी संग्रहालयात गेली ती वापरून संपल्यावर. तुमची पहिल्या दिवसापासून संग्रहालयातच आहे.

आणि ‘प्रोफेशनल’ म्हणजे तरी काय? खरा प्रोफेशनल बघायचा असेल तर दादर स्टेशनबाहेर जा. वडापाववाल्याकडे एक बर्नर असतो. एक! त्यावर एक कढई. संध्याकाळभर त्याच्यासमोरची गर्दी हलत नाही. त्याला बी.टी.यू. विचारलेत तर तो तुम्हांला सुकी चटणी जास्त देईल. हॉटेलच्या आचाऱ्यामागे कांदे चिरणारा पोऱ्या असतो, भांडी घासणारा असतो, डोक्यावर धुराड्याचा बोगदा असतो. यांतलं काहीच न देता नुसती शेगडी त्याच्यासारखी दिली, म्हणून घरातली बाई प्रोफेशनल होत नाही. भांडी तिलाच घासावी लागतात, वर त्या पोलादावरचे बोटांचे ठसेही पुसावे लागतात.

तेव्हा किचन काढणाऱ्या समस्त भाच्यांना आणि त्यांच्या अभ्यासू यजमानांना माझं सांगणं असं. शोरूममध्ये जाताना तक्ता नेऊ नका, पिशवीतून फोडणीचं कढलं, पोळीचा तवा आणि रोजचा कुकर न्या. तिन्ही जाळीवर ठेवून बघा. विक्रेता हसेल, हसू द्या. कढलं कलंडलं तर पुढच्या शेगडीकडे वळा. एक बर्नर जोरदार, एक अगदी मंद आणि दोन मधले, एवढ्यावर आपला चौरस स्वयंपाक होतो. आधी धुराडं ठरवा, मग शेगडी. धुराडं शेगडीपेक्षा थोडं रुंद असावं, नळी जाड आणि शक्यतो सरळ असावी, आणि तिचं दुसरं टोक खरोखर घराबाहेर निघतं का, हे बाहेर जाऊन डोळ्यांनी बघा. माळ्यावर निघणारी नळी पुष्कळांनी बघितली आहे. आणि ज्याला तक्ता करायचाच असेल, त्यानं चौदा रकान्यांच्या आधी एक रकाना घालावा: ‘या घरात रोज रांधतं कोण?’ त्या माणसाच्या सहीशिवाय पुढचे रकाने भरू नयेत.

एवढं करून पैसे उरले, आणि ते उरतातच, तर घ्या खुशाल ती रेंज. माझं तिच्याशी वैर नाही. वैर त्या गराजातल्या टेबलाशी आहे. ज्या दिवशी त्या पोलादी महाराणीच्या अंगावर हळदीचा डाग पडेल, जाळीत मोहरीचे चार दाणे अडकतील, आणि आल्यागेल्याला दारातच कळेल की आज आमटी आहे, त्या दिवशी ती खऱ्या अर्थानं घरची झाली असं मी म्हणेन. तोवर ती पाहुणी आहे. आणि पाहुणीला दिवाणखान्यात बसवून घरच्या फोडणीला मोटारीशेजारी उभं करायचं, ही रीत निदान आपल्यात तरी नव्हती.